नंबर द्या, मग बिल

पणजीत मिरामारच्या बाजूला एक चकाचक किराणा दुकान आहे. एसी, मंद संगीत, रॅकभर ऑलिव्ह ऑइल. आज तिथे सोलं आणि उकडे तांदूळ घ्यायला गेले. तांदूळ कुठे विचारलं तर पोराने मला बासमतीपाशी नेऊन उभं केलं. गोव्यात!

भाजीकडची मुलगी मात्र गुणी. तांबड्या भाजीच्या जुडीतली पिवळी पानं तिने न सांगता खुडून टाकली आणि मगच वजन केलं.

बिलिंगला मोबाइल नंबर मागितला. म्हटलं, देत नाही. "मॅडम, नंबराशिवाय सिस्टम पुढे जातच नाही." २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना बजावलंय, बिलासाठी नंबराची सक्ती करू नका. हे सांगितल्यावर मागच्या रांगेत उसासे सुरू. शेवटी मॅनेजर आला, गोड हसला आणि कुठलातरी नंबर टाकून बिल काढून दिलं. म्हणजे जाते की सिस्टम पुढे! वर दुकानाचं नाव छापलेल्या कागदी पिशवीचे दहा रुपये वेगळे. जाहिरात त्यांची, पैसे माझे.

ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. अजून फिरवलेला नाही, पण बिल जपून ठेवलंय.