36 व्होल्टचा ट्रॅक्टर आणि वाटेत हरवणारे 5 व्होल्ट

न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी हे मोहॉक नदीकाठचे शहर विजेच्या इतिहासात मोठे मानाचे आहे. एडिसनने 1886 मध्ये आपला यंत्रांचा कारखाना येथे हलवला आणि 1892 मध्ये झालेल्या विलीनीकरणातून येथे जनरल इलेक्ट्रिक कंपनी उभी राहिली. या कंपनीचे टर्बाइन आणि रेल्वे इंजिने जगाला ठाऊक आहेत. परंतु तिने 1969च्या सुमारास ‘इलेक-ट्रॅक’ नावाचा बॅटरीवर चालणारा बागट्रॅक्टरही बाजारात आणला होता, हे भारतात क्वचितच कोणी ऐकले असेल. ब्रूस लॉमाइस्टर या अभियंत्याच्या देखरेखीखाली तो आकाराला आला, 1975च्या सुमारास कंपनीने या उत्पादनातून अंग काढून घेतले आणि पुढे ते व्हील हॉर्स या ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीकडे गेले. विजेवरच्या वाहनांची आज जी चर्चा चालते, तिच्या अर्धशतक आधी हा ट्रॅक्टर गवत कापत आणि बर्फ उडवत होता. त्यातील एक आमच्या शेजारच्या निवृत्त गृहस्थांच्या गॅरेजात पडून होता, आणि ते घर विकून निघाले तेव्हा तो आमच्याकडे आला.

बागट्रॅक्टर म्हणजे नांगरटीचा ट्रॅक्टर नव्हे, हे गावाकडच्या वाचकांसाठी आधी सांगायला हवे. येथे वीस गुंठ्यांच्या आवारात घर असणे ही काही श्रीमंती मानली जात नाही, आणि त्या सगळ्या आवारातील हिरवळ उन्हाळाभर कापत राहावी लागते. हिवाळ्यात त्याच आवारातील रस्त्यावरचा बर्फ हटवावा लागतो. त्यासाठी हे बसून चालवायचे छोटे यंत्र. आमच्या ट्रॅक्टरात 6 व्होल्टच्या सहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या आहेत, म्हणजे एकूण 36 व्होल्ट. काही पुढच्या झाकणाखाली, काही मागच्या बाजूला. गोल्फच्या गाडीत असतात तशा या जड शिसे-आम्ल बॅटऱ्या असून नुसत्या त्यांचेच वजन दीडशे किलोच्या वर जाते. चालवणारी मोटर एक, आणि गवत कापणाऱ्या डेकवर (पात्यांच्या चौकटीवर) प्रत्येक पात्याला स्वतःची अशा तीन मोटरी. इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नाही. सगळा कारभार कॉन्टॅक्टर (विद्युतचुंबकाने चालू-बंद होणारा जड स्विच), रिले (त्याचाच छोटा भाऊ), प्रवाह आवरणाऱ्या रेझिस्टन्सच्या पट्ट्या आणि स्विच यांच्यावर चालतो, त्यामुळे वायरिंगचा नकाशा समोर ठेवला की भारतातल्या कोणत्याही पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्याला तो वाचता यावा. ही माझ्या मते या यंत्राची सर्वांत मोठी थोरवी आहे.

आमच्या ट्रॅक्टरातील तक्रार अशी होती की गॅरेजच्या सपाट फरशीवर तो गुपचूप पुढे-मागे जायचा, पण घरामागच्या चढावर मरगळायचा, थांबायचा, आणि पुन्हा हलवायला गेले की कॉन्टॅक्टर टकटक वाजत राहायचा. मीटर लावून पाहिले तर बॅटऱ्यांवर 38 व्होल्टच्या थोडे वर, म्हणजे पूर्ण चार्जची खूण. अशा वेळी सर्वसाधारण सल्ला मिळतो तो ‘मोटर गेली’ किंवा ‘बॅटऱ्या बदला’ असा, आणि सहा बॅटऱ्यांची येथील किंमत पाहता तो सल्ला ऐकण्याआधी दोन संध्याकाळी खर्च करणे कधीही स्वस्त.

कमी व्होल्टेज आणि जास्त प्रवाह असलेल्या यंत्रात निव्वळ उभ्या अवस्थेतील व्होल्टेजवर विश्वास ठेवायचा नसतो. डिजिटल मल्टिमीटर मोजताना जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, त्यामुळे गंजलेल्या, अर्धवट तुटलेल्या जोडाच्या पलीकडेही तो छातीठोकपणे पूर्ण 36 व्होल्ट दाखवतो. खरा भार आला की त्याच जोडातून पाण्याचा चमचाही जात नाही. ओहमच्या पट्टीवर मोजूनही हा दोष सापडत नाही, कारण येथे घात करणारा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, 0.05 ओहमच्या आसपासचा असतो आणि मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोधच त्याच्या दुप्पट-चौपट भरतो. यावर उपाय एकच: यंत्राला काम करायला लावायचे आणि त्या वेळी वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर किती व्होल्ट गळतात ते मोजायचे.

ट्रॅक्टर घोडीवर चढवून चाके अधांतरी फिरवली तर भारच येत नाही, म्हणून मोजमाप चढावरच करावे लागले. मीटरला लांब वायरी जोडून त्यांच्या टोकांना क्लिपा लावल्या, मीटर स्टिअरिंगवर चिकटपट्टीने बसवला आणि त्यातील सर्वांत कमी व कमाल आकडा धरून ठेवणारी सोय चालू केली. प्रवाहासाठी वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा क्लॅम्प मीटर लागतो, पण घरोघरी असणारा साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा प्रवाह मोजतो. बॅटरीच्या एकाच दिशेच्या प्रवाहासाठी, म्हणजे डीसीसाठी, चुंबकीय क्षेत्र ओळखणारा हॉल सेन्सर असलेलाच हवा, आणि खरेदी करताना हे नीट वाचून घेतलेले बरे.

चढावर सुमारे 80 अँपिअर प्रवाह असताना सहाही बॅटऱ्यांवर प्रत्येकी 5.9 व्होल्टच्या आसपास मिळाले. यात क्लिप बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवरच लावायची असते, तिच्यावर कसलेल्या लगवर (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) नव्हे. नाहीतर खुंटी आणि लग यांच्यामधला गंज बॅटरीच्या नावावर जमा होतो. सहा बॅटऱ्यांची बेरीज 35.4, आणि कॉन्टॅक्टरच्या तोंडाशी मात्र 30.1. म्हणजे बॅटऱ्या धडधाकट होत्या आणि 5.3 व्होल्ट वाटेत कुठेतरी हरवत होते. मग एकेक तुकडा तपासत गेले. बॅटऱ्यांना जोडणाऱ्या वायरींवर सगळे मिळून 0.6, पुढच्या जाड केबलींवर आणखी 0.6, आणि उरलेले 4.1 व्होल्ट एकाच ठिकाणी: हाताने उपसून काढायच्या मुख्य डिस्कनेक्टच्या प्लगमध्ये.

तो प्लग बाहेर काढला तेव्हा हाताला चांगलाच गरम लागला. प्लगच्या एका पात्याचा तांब्याचा रंग जाऊन तिथे जांभळट काळपट डाग पडला होता, भोवतीचे प्लास्टिक किंचित वितळून पिवळे झाले होते, आणि खाचेतील स्प्रिंगची पकड इतकी ढिली झाली होती की प्लग बोटाने हलत होता. 4.1 व्होल्ट आणि 80 अँपिअर यांचा गुणाकार जवळजवळ 330 वॅट होतो. एवढी उष्णता काडेपेटीएवढ्या जागेत साचली तर दुसरे काय होणार? आणि हे चक्र वाढतेच: उष्णतेने स्प्रिंगचा ताठा जातो, ताठा गेल्याने रोध वाढतो, रोध वाढल्याने उष्णता वाढते. पन्नास वर्षांच्या दमट गॅरेजातील वास्तव्याचा हा हिशेब आहे, त्याचा दोष बनवणाऱ्यावर टाकण्यात अर्थ नाही.

कॉन्टॅक्टरच्या टकटकीचे कोडेही त्यातूनच उलगडले. कॉन्टॅक्टरची कॉइल, म्हणजे त्याचा लोखंडी गाभा ओढणारी तारेची गुंडाळी, त्याच डिस्कनेक्टच्या पलीकडून वीज घेते. कॉइल ओढली गेली की मुख्य कॉन्टॅक्ट आधी एकमेकांना टेकतात आणि लोखंडी गाभा त्यानंतर पूर्ण मिटतो. टेकण्याच्या त्या क्षणी मोटर उभी असल्यामुळे चालू अवस्थेच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, खराब जोडात बरेचसे व्होल्टेज गडप होते, कॉइलला पुरेसे उरत नाही आणि अर्धवट मिटलेला गाभा सुटतो. सुटल्याबरोबर भार नाहीसा होतो, व्होल्टेज पुन्हा वर येते, कॉइल पुन्हा ओढते. प्रत्येक टकटकीला एक ठिणगी, आणि प्रत्येक ठिणगीला कॉन्टॅक्टवर एक नवा खड्डा. डीसीची ठिणगी एसीपेक्षा चिवट असते, कारण येथील 60 हर्ट्झचा एसी सेकंदाला 120 वेळा शून्यावर येतो आणि त्या क्षणी ठिणगी विझायला संधी मिळते. डीसी कधीच शून्यावर येत नाही. याच कारणासाठी घरातील एसीचा स्विच ‘तेवढ्याच अँपिअरचा आहे’ म्हणून अशा ट्रॅक्टरात बसवणे धोक्याचे आहे. मी डिस्कनेक्टची जोडी डीसीसाठी बनवलेल्या, पुरेशा क्षमतेच्या कनेक्टरने बदलली, केबलच्या टोकांना नवे लग दाबून बसवले, आणि खड्डे पडलेले कॉन्टॅक्ट बारीक कानशीने फक्त सपाट करण्यापुरते घासले. त्यांवर पॉलिश पेपर चालवू नये, त्याचे कण तिथेच रुतून बसतात.

नियंत्रणाच्या बारीक वायरिंगमध्ये मात्र वेगळ्या हत्याराची गरज पडते. चावी, आसनाखालचा स्विच, ब्रेकच्या पेडलवरचा स्विच, हे सगळे साखळीने जोडलेले आहेत आणि त्यातील एक जरी रुसला तरी ट्रॅक्टर ढिम्म राहतो. येथेही मीटर फसवतो, म्हणून 12 व्होल्टचे एकसारखे तीन बल्ब एकापुढे एक जोडून टेस्ट लॅम्प केला. बल्ब खरा प्रवाह मागतो. जोड पक्का असेल तरच तो पूर्ण उजळतो. चावीपासून सुरू करून एकेका स्विचच्या पुढे टेस्ट लॅम्पचे टोक नेत गेले की जिथे उजेड मंदावतो तिथे दोष. आमच्याकडे तो आसनाखाली निघाला, आणि कारण होते उंदीर. येथील उंदरांना हिवाळ्यात ट्रॅक्टरच्या पोटात बिऱ्हाड करण्याची सवय आहे. तो स्विच कायमचा ‘बायपास’ करण्याचा मोह अनेकांना होतो, पण पाती फिरत असताना माणूस खाली पडला तर तोच स्विच त्याचा पाय वाचवतो. तो पूर्ववत करूनच पुढे जावे.

मोटरच्या फील्डविषयी, म्हणजे तिच्यात चुंबकीय क्षेत्र निर्माण करणाऱ्या वाइंडिंगविषयी, थोडे सविस्तर लिहिते, कारण येथे शिकत असतानाच्या सांगलीच्या प्रयोगशाळेची आठवण उपयोगी पडली. भारतात इलेक्ट्रिकल शिकलेल्या प्रत्येकाने डीसी शंट मोटरचा (फील्ड फिरत्या भागाला समांतर जोडलेल्या मोटरचा) प्रयोग केलेला असतो, आणि फील्डचा रिओस्टॅट (रोध कमी-जास्त करणारे उपकरण) फिरवून वेग वाढवताना ‘फील्ड उघडे पडू देऊ नका’ ही तंबी ऐकलेली असते. या ट्रॅक्टरचे वरचे वेग त्याच तत्त्वावर मिळतात: खालच्या टप्प्यांत आर्मेचरच्या (मोटरच्या फिरत्या भागाच्या) मार्गात रेझिस्टन्स घालून प्रवाह आवरला जातो, ते सगळे काढून टाकल्यावर फील्ड क्षीण करत वेग वाढवला जातो. त्यामुळे लक्षणांवरून दोषाची जागा बरीचशी ओळखता येते. पहिल्या टप्प्यावर ट्रॅक्टर हलतच नसेल आणि पुढच्या टप्प्यावर एकदम झेप घेत असेल, तर रेझिस्टन्सची पट्टी किंवा तिचा जोड तुटलेला असण्याचा संभव. वरच्या टप्प्यांवर वेग वाढतच नसेल, तर फील्ड क्षीण करणारा मार्ग तपासावा. आणि फील्डची वायरच तुटली, तर चाके अधांतरी असताना मोटर बेफाम पळू शकते, जमिनीवर असताना प्रचंड प्रवाह ओढूनही जोर लावत नाही. प्रयोगशाळेतील थ्री-पॉइंट स्टार्टरमध्ये, म्हणजे मूठ सरकवून मोटर हळूहळू सुरू करणाऱ्या पेटीत, मूठ धरून ठेवणारी नो-व्होल्ट कॉइल फील्डच्याच मार्गात असल्याने फील्ड तुटले की मूठ आपोआप मागे पडते; ट्रॅक्टरात अशी मूठ नाही, म्हणून घोडीवर चालवून पाहण्याआधी फील्डच्या वाइंडिंगचा रोध मोजून तो नकाशातील आकड्याशी जुळतो की नाही हे बघावे.

आणखी एक तपासणी बहुतेक जण विसरतात. ट्रॅक्टरचा सांगाडा बॅटरीच्या कोणत्याही टोकाला जोडलेला नाही, मोटारगाडीसारखे येथे ‘अर्थ’ नसते. तरीही ऋण किंवा धन टोक आणि सांगाडा यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प मंद पेटला, तर कुठेतरी गळती आहे, असे धरावे. कार्बन (आर्मेचरला वीज पोचवणारे घासते ठोकळे) झिजून मोटरमध्ये साठलेली काळी पूड किंवा बॅटऱ्यांवर पसरलेला आम्लाचा ओलसर थर ही त्याची नेहमीची कारणे. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने बॅटऱ्यांची झाकणे पुसावीत, मात्र ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नये.

36 व्होल्टचा शॉक सहसा लागत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात; पण दोन खुंट्यांवर आडवा पडलेला पाना क्षणात लाल होतो, आणि चार्जिंगनंतर साचलेला हायड्रोजन एका ठिणगीने बॅटरी फोडतो. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळावी, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र घरात काढून ठेवूनच झाकण उघडावे. डिस्कनेक्ट काढला तरी बॅटऱ्या आपापल्या जागी जिवंतच असतात.

येथील हिवाळ्याचा नियम वेगळा. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतील आम्ल उणे 50 अंशांपर्यंतही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीत ते उणे 10च्या आसपासच गोठते आणि आवरण तडकते. स्केनेक्टडीत रात्रीचे तापमान उणे 20च्या खाली जाणारे आठवडे असतात, त्यामुळे बर्फ हटवून आल्यावर ‘उद्या लावू चार्जिंगला’ ही चैन येथे परवडत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणाऱ्या आपल्याकडच्या घरांना बाकीची देखभाल ओळखीचीच वाटेल: पाण्याची पातळी, आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर, खुंट्यांवर पेट्रोलियम जेली.

गावाकडे एक सोय मात्र हमखास आहे, आणि तिची उणीव मला फार जाणवते. इचलकरंजीत यंत्रमागांच्या मोटरी बांधून देणारी दुकाने हाकेच्या अंतरावर सापडतात. येथे आर्मेचर हातात घेऊन दाखवायला दुकान शोधत दुसऱ्या गावी जावे लागते, आणि मजुरीचा आकडा ऐकून परत यावे लागते.

नवा कनेक्टर बसवल्यावर त्याच चढावर, तेवढ्याच प्रवाहाला डिस्कनेक्टमधली गळती 0.1 व्होल्टच्या खाली आली, कॉन्टॅक्टर एका ठोक्यात ओढू लागला. आता डेकवरच्या डावीकडच्या मोटरीचे काम काढले आहे. तिचे पाते इतर दोघांपेक्षा संथ फिरते, प्लगपाशी व्होल्टेज पूर्ण मिळते, म्हणजे दोष मोटरीच्या आत आहे. एक कार्बन धारकात अडकून बसला असून कम्युटेटरला, म्हणजे आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्यांना, टेकतच नाही. मापाचा नवा कार्बन मिळत नसल्यामुळे थोडा मोठा आणून तो बारीक पेपरवर घासून बसवायचा आहे, आणि घासताना त्याची पूड मोटरीत जाणार नाही याची काळजी घ्यायची आहे.