तुम्ही विचारलेत म्हणून: घुंगरू बांधण्याआधीची 15 मिनिटे

“बाई, मुलीला नाच शिकायला पाठवले आहे, रांगायला नव्हे.” परभणीत कथकचा वर्ग चालवताना हे इतक्या पालकांकडून ऐकले आहे की आता एकदा नीट उत्तर देते. शहाबादी फरशीवर सतरंजी टाकून मुली हातागुडघ्यांवर ओणव्या होतात, उजवा हात पुढे व डावा पाय मागे लांबवून तीनतालाच्या 8 मात्रा थांबतात आणि मग बाजू बदलतात. त्यानंतर उताणे पडून तेच. हा वेळकाढूपणा नाही.

मी स्वतः याच्या विरोधात होते. तत्कार, म्हणजे तालावर पाय आपटण्याचा सराव, हीच तयारी, असे ठासून सांगत असे, आणि ते सर्वस्वी चूक होते असे आजही म्हणवत नाही, कारण विलंबित तत्काराने पाय आणि श्वास खरोखरच तयार होतात.

डिसेंबरातल्या एका कार्यक्रमात भाषणे लांबली आणि मुली दोन तास मंडपामागे कुडकुडत बसल्या. नाव पुकारताच माझ्या सर्वांत तयार शिष्येला मी तशीच मंचावर पाठवली. 27 चकरांपैकी एकोणिसाव्या चकरेला तिचा खांदा मागे राहिला आणि कंबर एकटीच वळली. तिने सम गाठली, नमस्कार केला आणि पडद्यामागे येताच माझे मनगट धरून ती खाली बसली. “बाई, उठताच येईना.” काही आठवड्यांनी फिजिओथेरपिस्टने तिला ओणवी करून कमरेवर पाण्याने भरलेले फुलपात्र ठेवले. उजवा हात व डावा पाय उचलला तेव्हा पाणी हललेही नाही. बाजू बदलताच फुलपात्र कलंडले. चार वर्षे मी तिला रोज पाहत होते, आणि हे मला दिसले नव्हते.

धड वळते तेव्हा एका बाजूचा बाहेरचा ऑब्लिक, म्हणजे पोटाच्या कडेचा तिरका स्नायू, आणि दुसऱ्या बाजूचा आतला ऑब्लिक जोडीने काम करतात. कथकच्या चकरा बहुतेक एकाच दिशेने घेतल्या जातात, म्हणून दोन्ही तिरक्या जोड्या मुद्दाम जाग्या कराव्या लागतात. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक आणि पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी कमरेसाठी सुचवलेल्या तीन प्रमुख व्यायामांत ओणवे होऊन हात-पाय लांबवण्याचा हा व्यायाम एक आहे, आणि तोही एका वेळी 10 सेकंदांहून अधिक न ताणता.

दुखापत टळेलच, असे वचन मी देत नाही. हे सगळे करूनही गेल्या वर्षी एकीचा घोटा मुरगळला. आणि डिसेंबरात मंचावर पाठवलेली ती शिष्या पुन्हा वर्गात आली नाही. तिची कंबर आधीपासूनच कच्ची होती, दोष त्या रात्रीच्या थंडीचा नव्हता, अशी मी स्वतःची समजूत घालते. मग ते कच्चेपण ओळखणे कोणाचे काम होते, हे विचारायला दुसरे कोणी लागत नाही.

परीक्षा जवळ आल्या की ही 15 मिनिटे वगळा, असा आग्रह यंदाही होईल. ती वगळणार नाही. हवे तर वर्ग लवकर सुरू करीन.