केसपेपरवर नाव कोणाचं?

कौटुंबिक समुपदेशनात सगळ्यात अवघड काय, तर केसपेपरची खिडकी. मुलगा अकरावीत, बापलेकांचं बोलणं बंद, निरोप्याचं काम सासूबाईंकडे. असे आम्ही चौघं एका मोठ्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेलो.

फॉर्मवर 'रुग्णाचे नाव' असा एकच रकाना. मी म्हटलं, चौघांची नावं घाला. "मॅडम, पेशंट कोण ते सांगा." तसं कोणीच नाही. "मग समाजसेवा विभागात विचारा." तिथल्या बाई म्हणाल्या, आधी केसपेपर काढून आणा. पुन्हा रांगेच्या शेपटाला. शेवटी वैतागून नवऱ्याने मुलाचं नाव सांगितलं आणि पोरगा तडक बाहेर जाऊन पायरीवर बसला. "म्हणजे वेडा मीच ना?" आता यावर काय बोलणार? कौटुंबिक उपचारांचा पायाच असा की घराने ज्याला पेशंट म्हणून पुढे केलंय, त्याच्या एकट्यात दोष शोधायचा नाही. सगळे एकमेकांशी कसे वागतात ते बघायचं. आणि त्याच विभागाचा फॉर्म एकाचंच नाव मागतो! मी परत खिडकीवर गेले आणि माझं नाव लिहा म्हटलं. नवा पेपर, नवे पैसे, क्लार्कची कटकट. पण माझं नाव बघून लेक उठला. भांडले ते बरंच केलं.

आत गेल्यावर समुपदेशक बाईंनी पहिल्यांदा खुर्च्याच हलवल्या. बापलेकांच्या मधे बसलेल्या सासूबाईंना माझ्या शेजारी आणलं आणि दोघांना एकमेकांशी बोलायला लावलं. सासूबाईंनी तोंड उघडलं की बाई हात वर करायच्या. ही कौटुंबिक उपचारतज्ज्ञ साल्वादोर मिनुचिनची स्ट्रक्चरल पद्धत, म्हणजे घरातल्या नात्यांची मांडणीच बदलायची. लेकाला पटली, नवऱ्याला अजिबात नाही.

म्हणून पुढे खासगीत गेलो. तिथल्या समुपदेशक सरांनी मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेनच्या पद्धतीने घरातल्या तीन पिढ्यांच्या नात्यांचा नकाशा काढला, पुरुषांना चौकोन, बायकांना वर्तुळ. नवरा आणि सासरे यांच्यामधली तुटलेली रेघ बघून नवरा बराच वेळ गप्प होता. पद्धत खोल, पण संथ. बारावी काही थांबणार नव्हती. मग त्याच सरांनी वेगळा प्रश्न टाकला : रात्रीत चमत्कार होऊन भांडण मिटलं, तर सकाळी पहिल्यांदा काय वेगळं दिसेल? (ही स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या थेरपिस्ट जोडप्याची तऱ्हा.) लेक म्हणाला, "बाबा चहा पिताना मोबाइल बघणार नाहीत." एवढं तर करता येण्यासारखं होतं. माझं मत विचाराल तर रोज खडाजंगी असेल तर खुर्च्या हलवणारे शोधा, जुनं दुखणं असेल तर नकाशावाले.

फोनवरच विचारून घ्या : सगळ्यांना एकत्र बसवता का, की एकेकट्याला? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्यांकडे आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी हवी, तीही विचारा. घरचे यायलाच तयार नसतील तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, मराठीतही बोलतात. आणि खिडकीवर जायच्या आधी, नाव कोणाचं घालायचं ते घरीच ठरवून निघा.