एका गुलमोहराचे एकेचाळीस

सप्टेंबरात आमच्या वॉचमनकाकांनी मला खाली बोलावलं, ते झाड दाखवायला नव्हे, पूड दाखवायला. फाटकाजवळच्या पेव्हर ब्लॉकवर रोज सकाळी कोको पावडरीसारखी तपकिरी पूड पडलेली असायची. झाडून काढली तरी दुसऱ्या दिवशी तेवढीच. आम्ही दोघांनी वाकून बघितलं, तर गुलमोहराच्या बुंध्याला अगदी जमिनीलगत ताटलीएवढी दोन भूछत्रं. वरून लाख चढवल्यासारखी चकचकीत, तांबूस, कडेला पांढरी किनार. खरं सांगायचं तर छान दिसत होती. मी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली हसरा चेहराही चिकटवला.

फोटो बघून दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतले एक सर आले. आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी नाव सांगितलं, गॅनोडर्मा. मुळं आणि बुंधा कुजवणारी बुरशी. "ती बाहेर दिसते तेव्हा आतलं जेवण बरंच उरकलेलं असतं," असं म्हणून त्यांनी पिशवीतून लाकडी हातोडी काढली. कलिंगड घेताना वाजवून बघतो तसं ते बुंध्याभोवती वाजवत गेले. कमरेच्या वर आवाज भरीव येत होता. फाटकाच्या अंगाला खाली आले आणि आवाज एकदम बद्द झाला. तिथल्या फटीत त्यांनी बारीक सळई सरकवली. ती वीतभर आत गेली, तीही जोर न लावता.

आमची सोसायटी कोथरूडमधली, दोन विंगची, 1983 सालची. पेशव्यांच्या काळचा वड वगैरे आमच्याकडे नाही. गुलमोहर मुळात मादागास्करचा, आपल्याकडे शोभेसाठी आणलेला. त्यामुळे "परदेशी झाड आहे, एवढं काय त्याचं" असं म्हणणारेही निघाले. पण त्याच्या आंबट पाकळ्या खात आणि पुंकेसरांच्या झुंजी लावत इथली दोन पिढ्यांची पोरं वाढली होती. वाळलेल्या शेंगांच्या तलवारी तर माझ्या मुलानेही खेळल्यात.

दिवाळीच्या आठवड्यात वारा नसताना एक फांदी एका स्कूटरवर पडली आणि जानेवारीत विशेष सर्वसाधारण सभा लावावी लागली. सेक्रेटरी मी. दोन तास चाललेल्या त्या सभेत झाडाबद्दल दहाएक मिनिटंच बोलणं झालं असेल. बाकी सगळं पार्किंग. ज्यांच्या गाडीवर फुलं पडतात ते तोडायच्या बाजूने, ज्यांच्या खिडकीत सावली येते ते ठेवायच्या बाजूने. बी विंगचे एक काका म्हणाले, गेरू-चुना लावा, होईल बरं. कुणी मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट सुचवली, कुणी ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला खाणारी बुरशी. सरांनी शांतपणे सांगितलं की वरच्या जखमेला मलम लावता येतं, पण कुजलेलं लाकूड परत उभं राहत नाही. तरी आम्ही ट्रायकोडर्मा ओतलाच. काहीतरी केल्याचं समाधान.

हात वर करायला सांगितले तर 14 विरुद्ध 13. हा आकडा बघून मला घाम फुटला. झाड आतून किती पोकळ आहे हे मतदानाने कसं ठरणार? सरांनीच गाडी रुळावर आणली. म्हणाले, "ठेवायचं की तोडायचं हे नंतर. आधी सांगा, पडलं तर कशावर पडेल?"

मग आम्ही खरंच टेप घेऊन खाली उतरलो. एका बाजूला पार्किंगच्या चार जागा. त्या हलवता येतात, मालकांनी कुरकुर केली तरी. दुसऱ्या बाजूला मीटर रूम आणि फाटक. फाटक एकच. शाळेच्या रिक्षा सकाळी तिथेच थांबतात, आणि बुंधा नेमका त्याच अंगाने पोकळ. फांद्या छाटून वाऱ्याचा मार कमी करता येतो, मीही त्याच मताची होते. पण झाडाची पकडच त्या बाजूला गेली असेल तर छाटणीने किती दिवस निघणार?

पकड का गेली, हे मात्र सभेत कुणी विचारलं नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही पेव्हर बसवले तेव्हा बुंध्याला टेकवून बसवले होते. खोदताना मनगटाएवढी मुळं आडवी आली. कामगारांनी विचारलं, "तोडू का?" आणि मी वरून, गॅलरीतून, "तोडा" म्हणाले. बिलावर सहीही माझीच. गुलमोहराची मुळं वरच्यावर पसरतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. हे मी सभेच्या इतिवृत्तात लिहून घेतलं. अध्यक्ष म्हणाले, कशाला उगाच. मी म्हटलं, असू दे.

शेवटी फेब्रुवारीत महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांकडे झाड तोडायच्या परवानगीसाठी अर्ज केला. जागा सोसायटीची असली तरी झाड परस्पर तोडता येत नाही. 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा त्यासाठीच आहे. अर्जात वयाचा रकाना आला आणि आम्ही अडलो. 2021 च्या दुरुस्तीनंतर वयाला फार महत्त्व आलंय. 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरतात. शिवाय झाड तोडायचं तर त्याचं जितकं वय, तितकी नवी झाडं लावायची. तळमजल्यावरच्या आजींनी प्रश्न सोडवला. त्यांचा धाकटा बारशाला आला... म्हणजे त्याचं बारसं झालं त्या पावसाळ्यात रोप लावलं होतं. 1984. म्हणजे एकेचाळीस.

पाहणीला आलेल्या उद्यान निरीक्षकांनी घेर मोजला, हातोडी मारली, बुंध्यालगतचे चार पेव्हर उचलायला लावले. खाली मातीऐवजी कचचा, म्हणजे दगडाच्या चुऱ्याचा थर, आणि त्यात तुटलेल्या मुळांची काळी, ओलसर टोकं. त्यांनी एकाला बोट लावलं तर ते भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं सुटलं. मी काही बोलले नाही, तेही नाही.

मग झाडावर नोटीस लागली, वर्तमानपत्रात आली. हरकतींसाठी सात दिवस. शेजारच्या इमारतीतल्या एका कॉलेजच्या मुलीने हरकत घेतली. ग्रुपवर तिच्या नावाने बरीच बोंबाबोंब झाली. मला तिचा राग आला नाही. नोटीस वाचणारं कुणीतरी आहे म्हणायचं. तिला खाली बोलावून हातोडी तिच्याच हातात दिली. तिने तीनदा वाजवून बघितलं. हरकत मागे घेतली नाही, पण पुढे एक ओळ जोडली: पिल्लं उडेपर्यंत थांबा. वरच्या वाळक्या फांदीत तांबट पक्ष्याचं बीळ होतं. ते आम्हा एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

परवानगी एप्रिलअखेर आली. पत्रात अट होती की पंधरा दिवस हात लावायचा नाही. आणि त्या पंधरा दिवसांत झाड पेटलं. पानं तुरळक, पण फुलं अशी की रस्त्यावरून जाणारे थांबून फोटो काढायचे. लगेच फोन सुरू: "मॅडम, हे मरतंय कुठे?" मलाही रात्री झोप येईना. सरांना विचारलं, तर ते म्हणाले, फुलं फांदीवर येतात, पडतं मुळाशी. तांबटाचं बीळ रिकामं झालं का, ते त्या मुलीने रोज सकाळी बघून मला कळवलं.

मृगाच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात काम केलं. वरून तुकड्या-तुकड्याने, दोर बांधून, दीड दिवस. आजी खाली आल्याच नाहीत. बुंधा कापल्यावर मी वर्तुळं मोजायला वाकले, तर मधे मोजण्यासारखं काही नव्हतंच. नुसता तपकिरी भुगा, आणि कडेला चार बोटं जाड लाकूड. फाटकाच्या अंगाला तर दोनच बोटं.

आता एकेचाळीस झाडं. तीही सहा ते आठ फुटी, आणि सात वर्षं सांभाळायची. सोसायटीत कोंबून कोंबून सात बसली: बहावा, तामण, एक कडुनिंब आजींच्या खिडकीसमोर. प्रत्येकाभोवती मीटरभर माती मोकळी ठेवलीय, त्यासाठी पार्किंगच्या दोन जागा गेल्या आणि माझे दोन शत्रू वाढले. उरलेली चौतीस महापालिकेने दाखवलेल्या जागेवर लावली. रविवारी आम्ही पाळीपाळीने जातो. दिवाळीपर्यंत तीन वाळली होती, ती बदलली. त्या मुलीने प्रत्येकाला नंबर घातलाय. पुढच्या रविवारची पाळी बी विंगच्या काकांची आहे, आणि त्यांनी गेरू-चुना सोबत नेणार असल्याचं आधीच जाहीर केलंय.