डिसेंबरातलं माल्टा: बेत नाताळाचा, समुद्राचा नव्हे

माल्टात डिसेंबरात पाऊस पडतो, आणि चांगला पडतो. हे आधीच सांगून टाकते, कारण 'भूमध्य समुद्रातलं बेट' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे निळंशार पाणी आणि टोप्या घालून पहुडलेली माणसं येतात. ते फोटो जून ते सप्टेंबरचे. डिसेंबरात दिवसा सोळा-सतरा अंश, रात्री दहा-अकरा, वारा झोंबणारा आणि पाणी डुंबायच्या लायकीचं नाही. निफाडचा पारा पाच-सहावर गेल्याच्या बातम्या वाचत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना ही थंडी म्हणजे काहीच नाही, पण ओली थंडी वेगळीच असते. ती हाडात शिरते.

मग जायचं कशाला? नाताळासाठी. गल्लीगल्लीत गव्हाणीचे देखावे, सजलेले रस्ते, मध्यरात्रीची प्रार्थना, चुलीवरचं चेस्टनटचं गरम पेय, हे सगळं त्या दिवसांतच मिळतं. आम्ही बेत आखला तो हे धरून, आणि जिथे जिथे समुद्राचा मोह आड आला तिथे तो बाजूला ठेवला.

पावसाची बातमी घरात सर्वांत जास्त लागली ती धाकट्या दिरांना. त्यांची पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग. "वहिनी, डिसेंबरात पाऊस म्हणता? मग तिथं द्राक्षं नसतीलच." आपल्याकडे घड फुगवणीत असताना ढग आले तरी माणूस रात्रभर झोपत नाही, त्यामुळे त्यांचा प्रश्न रास्तच होता. तिथलं चक्र मात्र उलटं. उन्हाळा कोरडा ठणठणीत, द्राक्षं ऑगस्ट-सप्टेंबरात खुडून मोकळी, आणि पाऊस येतो तोवर वेली पानं झाडून झोपलेल्या. आपण एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी असा दोनदा कात्री चालवण्याचा खटाटोप करतो, त्यांना हिवाळ्यातली एकच छाटणी पुरते. "बरंय बुवा त्यांचं," एवढंच म्हणाले. बाग सोडून येणं त्यांना शक्यच नव्हतं. पुढे गोझो या माल्टाच्याच धाकट्या बेटावर उघड्याबोडक्या वेलींचा फोटो काढून पाठवला, तर पहिला प्रश्न, "खोड किती जाड आहे?" जेल्लेव्झा आणि जिरजेंतिना या तिथल्या खास देशी द्राक्षजाती, एक लाल वाइनची, एक पांढऱ्या. ही माहिती पाठवल्यावर मग जरा खूश झाले.

सिसिली, क्रीट, सायप्रस ही नावंही चर्चेत होती. माल्टा ठरलं ते आकारामुळे. सगळा द्वीपसमूह मिळून ३१६ चौरस किलोमीटर, आणि मुख्य बेट २४६, म्हणजे आपल्या नाशिक महापालिकेच्या हद्दीपेक्षाही थोडं लहानच. सासूबाई सोबत, त्यांचे गुडघे कुरकुरणारे, त्यामुळे रोज नवं हॉटेल आणि रोज बॅगा हा प्रकार नकोच होता. शिवाय इंग्रजी तिथली एक अधिकृत भाषा, आणि १९६४ पर्यंत इंग्रजांचं राज्य असल्याने गाड्या डावीकडून चालतात. रस्ता ओलांडताना कुठे बघायचं हे आईंना नव्याने शिकवावं लागलं नाही. प्लग मात्र इंग्लंडसारखे, चौकोनी तीन पिनांचे. अ‍ॅडॅप्टर घरूनच न्या.

ओळखीतल्या एका ट्रॅव्हल एजंटने आम्हाला वेड्यात काढलं. "नाताळात तिथं सगळं बंद असतं, त्यापेक्षा पॅरिस-स्वित्झर्लंड करा." त्याचं अर्धं बरोबर होतं. ८ डिसेंबर हा मेरीमातेचा सण, १३ डिसेंबर प्रजासत्ताक दिन (१९७४ पासूनचा), मग २५ डिसेंबर आणि १ जानेवारी, या सगळ्या सार्वजनिक सुट्ट्या. सरकारी संग्रहालयं आणि प्राचीन मंदिरं २४, २५, ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला कुलूपबंद. राजधानी व्हॅलेटातलं सेंट जॉन्स को-कॅथेड्रल रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी पर्यटकांना बंद. त्यात सूर्य पाचच्या आधीच मावळतो. पण याचा अर्थ जाऊ नये असा नाही. कुठल्या तारखेला काय, एवढं बघावं लागतं. आम्ही ओट्याजवळच्या दिनदर्शिकेवर लाल पेनाने बंदचे दिवस आधी भरले आणि उरलेल्या चौकटींत बेत बसवला. दगडाचं आणि चित्रांचं जे काही पाहायचं ते २४ तारखेच्या आत. त्यानंतर फक्त रस्ते, चर्च आणि देखावे.

या हिशेबात सर्वांत आधी बुक करायचं ते हाल साफ्लिएनीचं हायपोजियम. १९०२ मध्ये बांधकामाच्या खोदाईत सापडलेलं, पाच हजार वर्षांहून जुनं, जमिनीखाली खडक कोरून केलेलं दफनस्थान. आतल्या हवेचा समतोल बिघडू नये म्हणून एका वेळी दहाच माणसं सोडतात, तीही दिवसातून मोजक्याच फेऱ्या. तिकिटं महिनोन्‌महिने आधी संपतात. आधी हायपोजियमची तारीख मिळवा आणि मगच विमानाच्या तारखा पक्क्या करा, इतकं मी ठामपणे सांगेन.

व्हिसाबद्दल फार लिहीत नाही. माल्टा शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो, आणि मोठ्यांची फी २०२४ पासून ९० युरो आहे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला एक खेप. समृद्धी महामार्ग इगतपुरीच्या पुढे सुरू झाल्यापासून कसारा घाटाची ती कटकट तरी गेली. मुंबईहून माल्टाला थेट विमान नाही, कुठेतरी बदलावं लागतं. आम्ही इस्तंबूलमार्गे गेलो.

राहायचं कुठे, यावर घरात दोन तट पडले. लेकाला स्लिएमातलं समुद्रासमोरचं हॉटेल हवं होतं. मी व्हॅलेटावर अडून बसले. १५६५ चा तुर्कांचा वेढा परतवल्यावर सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती लढवय्यांच्या संघाने, पुढच्याच वर्षी पाया घातलेलं हे शहर, आणि १९८० पासून जागतिक वारशाच्या यादीत. तटबंदीच्या आत इतकं आटोपशीर की संध्याकाळी रोषणाई बघून चालत घरी यावं. जुन्या पिवळसर चुनखडीच्या इमारती, बाहेर आलेले रंगीत लाकडी बंद सज्जे, आणि गल्ल्या म्हणाल तर नुसत्या चढउताराच्या. आईंसाठी रिपब्लिक स्ट्रीटला लागून, सपाटीवरचं घर शोधलं. हे दगडी घर उन्हाळ्यासाठी बांधलेलं असतं, हिवाळ्यात आत बाहेरपेक्षा जास्त गारठा वाटतो. म्हणून बुकिंग करताना समुद्र दिसतो का, हे विचारण्याआधी हीटर आहे का ते विचारा. आमच्याकडे होता, आणि त्याच्यासमोर रोज रात्री मोजे वाळत असायचे.

को-कॅथेड्रलमधलं कॅराव्हाज्जोचं १६०८ चं भलंमोठं चित्र, सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं, मी तासभर बघत बसले. अंधारात खाली पडलेला माणूस, मानेतून वाहिलेलं रक्त, आणि त्या रक्तातच चित्रकाराने स्वतःचं नाव लिहिलंय. त्याने सही केलेलं हे एकच चित्र. लेक दोन मिनिटांत बाहेर. त्याचं मन शहराच्या वेशीसमोरच्या त्रितोनी चौकातल्या नाताळ जत्रेत, तिथल्या आइस स्केटिंगवर. ती जत्रा मला फारशी भावली नाही, अशी कुठेही असते. पण पोरांना तिथून ओढून आणावं लागतं हे खरं.

खरा नाताळ गल्ल्यांमधून होता. चर्चच्या दालनात, एखाद्याच्या ओसरीत, खिडकीत, जिथे बघाल तिथे येशूजन्माचे देखावे. काही मातीच्या बोटभर बाहुल्यांचे, काही चलदेखावे: पाणचक्की फिरतेय, सुतार रंधा मारतोय. एका तळघरात एका आजींनी आम्हाला त्यांचा देखावा दाखवला. गव्हाणीभोवती बशांमधून लांबलचक पांढऱ्या तंतूंसारखं गवत होतं, अगदी केसांसारखं. आई वाकून बघतच राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे तर घट बसवलेत!" तिथे नाताळाच्या काही आठवडे आधी ओल्या कापसावर बिया पेरतात, बशी अंधाऱ्या कपाटात ठेवतात, आणि ऊन न मिळाल्याने अंकुर हिरवे न होता पांढरेच वाढतात. नवरात्रात देवघराच्या कोपऱ्यातलं धान्य पिवळसर फुटतं, तसंच. आईंनी मग माझ्याकडून चौकशीच करून घेतली: पाणी रोज का, बी कुठलं, कपाट उघडायचं की नाही. आजींनी हाताने शिंपडून दाखवलं. जास्त पाणी झालं की कुजतं म्हणे. आई मान डोलावत होत्या. त्यांचा घटही एकदा असाच कुजला होता.

घरातल्या मुख्य जागी बाळ येशूची मूर्ती असते. आई नाशिकरोडच्या, तिथल्या बाळ येशूच्या फेब्रुवारीतल्या यात्रेची गर्दी लहानपणापासून बघितलेली, त्यामुळे त्यांना यात नवल वाटलं नाही. २४ तारखेच्या संध्याकाळी हीच मूर्ती घेऊन मुलांची मिरवणूक निघते. जॉर्ज प्रेका या धर्मगुरूंनी १९२१ मध्ये ती सुरू केली, आणि २००७ मध्ये त्यांना संतपद मिळालं. हातात कंदील, पुढे गाणी, मागे आयांचा घोळका, रस्त्याच्या कडेला छत्र्या धरून उभे आम्ही.

मध्यरात्रीच्या प्रार्थनेला प्रवचन धर्मगुरू देत नाही, एक लहान मूल देतं. लुका गावात १८८३ मध्ये पहिल्यांदा असं प्रवचन झाल्याचं सांगतात. आम्ही मागच्या बाकावर गुपचूप बसलो. कुणी काही विचारलं नाही, उलट एका काकांनी सरकून जागा दिली. सात-आठ वर्षांची मुलगी, पांढरा झगा, एका पाटावर उभी, हातात कागद नाही. माल्टीज मला कळत नाही, पण हात कुठे वर न्यायचा आणि कुठे थांबायचं हे तिला पक्कं पाठ होतं. पुढच्या बाकावर तिची आई असावी, ओठ मुलीच्या बरोबरीने हलत होते. मधे मुलगी एका शब्दावर अडली. आईचे ओठ आधी पुढे गेले, मग मुलगी. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मीही अशीच बसलेली असते.

आता खाणं. आई माळकरी, त्यामुळे घरी याचीच काळजी जास्त होती. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा पेढे, खवा, तूप घरीच. ताजी द्राक्षंही नाहीत. चिवडा, मेतकूट, थेपले आणि दिरांनी दिलेले मनुके, एवढं गेलं. तिथे वाटाण्याचं सारण भरलेलं पास्तित्झी पावलोपावली मिळतं, गरम आणि स्वस्त. पण काही ठिकाणी पारीत डुकराची चरबी घालतात, त्यामुळे विचारून घ्यावं. आम्ही विचारलं आणि दोन दुकानं सोडली. सुक्या बाकल्याच्या दाण्यांची (ब्रॉड बीन्सची) बिजिला नावाची लसूण घातलेली चटणी आणि पाव, यावर आईंचं छान भागलं. वेशीपाशी तळून देतात ते खजूर भरलेले चौकोनी इम्कारेत तर त्यांनी चक्क रोज खाल्ले. चेस्टनट, कोको आणि संत्र्याची साल घालून उकळलेलं पेय मध्यरात्रीच्या प्रार्थनेनंतर प्यायची पद्धत आहे. मला आवडलं, लेकाला कोकोच्या नावाखाली फसवल्यासारखं वाटलं.

२५ तारखेला बरीचशी दुकानं बंद. आदल्या दिवशीच पाव, दूध, फळं आणून ठेवली होती. दुपारी अप्पर बराक्का बागेतून बंदर बघितलं, पाऊस आला, परत आलो.

शेवटचे दिवस गोझोत. आयनसीलेम गावात शेतातच अख्खं बेथलेहेम उभं करतात: खऱ्या माणसांचं, खऱ्या गाढवांचं, भट्टीत खरा पाव भाजणारं. तारखा दरवर्षी बघून घ्याव्या लागतात. जगंतियाची मंदिरंही इथेच, पिरॅमिडांहून जुनी. आणि 'अझुर विंडो' बघायला जाऊ नका, ती दगडी कमान ८ मार्च २०१७ च्या वादळात समुद्रात कोसळली. जुन्या फोटोंवर भुलून जाणारे अजूनही भेटतात.

मुख्य बेटावरच्या चिर्केव्वा बंदराहून गोझोची फेरीबोट पंचवीसेक मिनिटांची, आणि तिकीट फक्त परतताना काढायचं. व्हॅलेटाहून थेट जाणारी जलद बोटही आहे, पण समुद्र खवळला की आधी तीच बंद होते. म्हणून परतीच्या विमानाच्या आदली रात्र मुख्य बेटावरच काढा. आम्ही काढली, आणि नेमक्या त्याच संध्याकाळी वारा इतका सुटला की मागून यायचं म्हणणारं एक कुटुंब गोझोतच अडकलं. त्यांचं विमान पहाटेचं होतं.