तुम्ही विचारलंत म्हणून: 'मग तुमीच काऊन उभे नाई रायत?'

माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान नगरपंचायतीच्या अगदी समोर आहे. दाखल्याच्या प्रती काढायला आलेला माणूस मशीन गरम होईपर्यंत उभा असतो, आणि तेवढ्या वेळात नगरपंचायतीच्या निवडणुकीबद्दल हमखास विचारतो, "एवढे कागद देता त्यायले, मंग सवताच काऊन उभे नाई रायत जी?" परवा ओळखीच्या एका बाईंनी हेच विचारलं, पण खरंच उत्तर हवं असल्यासारखं. तेव्हा मशीन गरम झालं, प्रती निघाल्या, पैसेही देऊन झाले, तरी माझं उत्तर अर्धंच होतं. उरलेलं इथे लिहितो.

आम्ही म्हणजे नऊ-दहा जण. नाव नाही, नोंदणी नाही, लेटरहेड नाही. गावात 'हरकतवाले' म्हणतात. निवृत्त गुरुजी, एक कृषी केंद्रवाला, दोन बचत गटाच्या बाया, मच्छीमार संस्थेचे एक ढिवर काका, अर्जनवीस, आणि मी. गाव धानाच्या पट्ट्यातलं, तालुक्याचं ठिकाण. नाव लिहीत नाही, कारण लिहिलं की पुढचं सगळं अमुक साहेबाविरुद्ध लिहिलंय असं समजून वाचलं जाईल.

सुरुवात ग्रामसभा गेल्यामुळे झाली. 2015 मध्ये आमची ग्रामपंचायत गेली आणि नगरपंचायत आली. त्या एक-दोन वर्षांत राज्यभर तालुक्याच्या कितीतरी गावांचं असंच झालं. ग्रामसभा काही स्वर्ग नव्हती. कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी असेल ते, आणि शंभर माणसंही जमायची नाहीत. मग सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही, हे सगळ्या सरपंचांना तोंडपाठ असायचं. तरीही 15 ऑगस्टला झेंडा झाला की शाळेच्या वऱ्हांड्यात कुणीही उठून विचारू शकत होतं, "हातपंपाच्या दुरुस्तीचे पैसे दोनदा काऊन लिवले?" उत्तर मिळो न मिळो, विचारल्याचं दहा जणांनी ऐकलेलं असायचं.

नगरपंचायतीत तशी जागाच नाही. राज्यघटनेत पंचायतींच्या भागात ग्रामसभा आहे, नगरपालिकांच्या भागात ती नाही. तिथे वॉर्ड समित्या आहेत, पण तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांसाठी. आमची वस्ती बारा-पंधरा हजार. म्हणजे एका रात्रीत आम्ही शहरवासी झालो, मालमत्ता कराची पावती शहरासारखी आली, आणि तोंड उघडायची जागा गेली. उरलं काय, तर नोटीस बोर्डावरच्या जाहीर सूचनेची शेवटची ओळ: 'हरकती व सूचना मुदतीत लेखी स्वरूपात सादर कराव्यात.' तेवढ्या एका ओळीवर आमचा कारभार चालतो.

एकत्र बसून विषय समजून घ्यायचा कसा, ते आम्ही गडचिरोलीत पाहिलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. 2009 मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा परवाना मिळाला, आणि 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा सगळीकडे पोचली. गुरुजींना घोषणेपेक्षा तिथला अभ्यास गट आवडला. तिथे विषय नुसता समजून घ्यायचा. निर्णय तिथे नाही, तो ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीने. परत येताना एसटीत गुरुजी म्हणाले, "आपल्याकडे ग्रामसभा नाही उरली, पण अभ्यास करायला कोणी मनाई केली काय?" मनाई कुणीच केली नव्हती. करायला कुणी बसत नव्हतं एवढंच.

पहिली मोठी भूमिका घेतली आणि तोंडावर आपटलो. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून आम्ही फार शहाणे वाटू.

बसस्टँडच्या रस्त्यावर आमची गुजरी, म्हणजे भाजीबाजार, भरायची. ती उचलून मागच्या मोकळ्या जागेत, पत्र्याच्या शेडखाली ओटे बांधून न्यायची, असा प्रस्ताव आला. आम्ही पेटून उठलो. गरिबाच्या पोटावर पाय, रस्त्यावरचं गिऱ्हाईक तुटणार, ओट्यांचा हर्रास, म्हणजे लिलाव, होणार आणि ओटे पैसेवाल्यांच्या घशात जाणार. तीन पानी हरकत मी स्वतः टाइप केली, चांगली जोरदार. सुनावणीच्या दिवशी भाजीवाल्या बायाच तिथे आल्या. त्यातली एक मला म्हणाली, "भाऊ, तुमी आमच्यासाठी लिवलं म्हनता, तर आमाले इचारलं कवा? उन्हात बसून भाजी सुकते. पोरगी संग असते, बाथरूमले कुठं न्याव तिले?" शेडमागे शौचालय होतं. नकाशात स्पष्ट दाखवलेलं होतं. आम्ही नकाशा पाहिला होता, पण रस्त्याच्या बाजूनेच.

ती हरकत आम्ही मागे घेतली. मागे घेण्याचाही अर्ज लिहावा लागला, आणि तो स्वीकारताना आवक-जावकचा बाबू जो हसला ते हसू मला अजून आठवतं. गुजरी शेडखाली गेली. ओट्यांच्या हर्रासाची आमची भीती मात्र खोटी नव्हती. भाजीवाल्या बायांनी आणि आम्ही मिळून दुसरा अर्ज दिला की आज बसणाऱ्यांना ओटे चिठ्ठी टाकून द्या, हर्रास उरलेल्या ओट्यांचा करा. ते बऱ्यापैकी मान्य झालं.

तेव्हापासून दोन नियम आहेत. एक, जिथलं काम असेल तिथे जाऊन, तिथे बसणाऱ्या-राबणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. दुसरा, ज्या कामात आपल्यातल्या कुणाची जागा, धंदा किंवा भाऊबंद असेल, त्याने त्या वेळी गप्प बसायचं. बैठकीला यावं, चहा प्यावा, बोलू नये. दुसरा नियम माझ्यामुळे आला. मालमत्ता कराच्या फेरआकारणीच्या वेळी लोकांनी रांग लावून हरकतीचे अर्ज केले, आणि ते सगळे माझ्या दुकानात टाइप झाले. गावात बोललं गेलं की याचं दुकान चालावं म्हणून हा सगळ्यांना हरकती घ्यायला लावतो. राग आला, पण हिशोब केला तर त्या महिन्यात गल्ला खरंच बरा झाला होता. आता हरकतीच्या अर्जाला फक्त कागदाचे पैसे घेतो.

आता तलाव. गावाला लागून मामा तलाव आहे, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, नाव तेवढं राहिलं. पाळीखाली, म्हणजे तलावाच्या बांधाखाली, धानाची शेती आहे. पावसाने पाठ फिरवली की ऑक्टोबरात शेवटचं पाणी याच तलावाचं. या तलावाचं 'सौंदर्यीकरण' निघालं. पाळीवर गट्टू (सिमेंटचे ठोकळे), रेलिंग, बाकं, हायमास्ट, मधोमध कारंजं, आणि काठाने संरक्षक भिंत.

गावातली पोरं खूश होती. खरं सांगायचं तर मीही होतो. संध्याकाळी फिरायला आमच्याकडे बसस्टँडशिवाय आहे काय? पण ढिवर काकांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, "हे भिंत पान्यात हाये का पान्याभायेर?" आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना. दुसऱ्या दिवशी पन्नास मीटरचा टेप घेऊन गेलो. तलाव तुडुंब भरला की पाणी कुठवर येतं ते काकांनी चिंचेच्या मुळाशी काठी रोवून दाखवलं. भिंत त्या काठीच्या आत, चांगली वीस-बावीस पावलं आत होती. म्हणजे तलाव तेवढा लहान होणार आणि बाहेर सुटलेली जमीन उघडी पडणार. त्या जमिनीवर पुढे काय उभं राहील, ते काही नकाशात लिहिलेलं नव्हतं, पण गावाला कळत होतं.

अर्जनवीसांनी माहितीच्या अधिकारात अंदाजपत्रक मागवलं. दहा रुपयांचा स्टॅम्प, पानाला दोन रुपये. आणि भूमी अभिलेखातून निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला काढल्या. आपल्या भागाबाहेरच्या वाचकांना हे शब्द नवे वाटतील. गुरं कुठे चरणार, पाण्यावर कुठून जाणार, कुणाची वाट कुठून, असल्या गावच्या जुन्या वहिवाटी या कागदांत लिहिलेल्या असतात. जमीन महसूल संहितेत त्यांना अजून जागा आहे, कलम 161 आणि 165. आमच्या नकलेत गुरांचा उतार उत्तरेकडून होता. नकाशात त्याच ठिकाणी फूड स्टॉल होते.

मग आमच्यातच दोन रात्री वाद झाला. कृषी केंद्रवाला म्हणे, सरळ विरोध करू, सगळं काम थांबवू, कलेक्टरकडे नगरपरिषद-नगरपंचायत कायद्याच्या कलम 308 खाली ठराव स्थगित करायला अर्ज टाकू. बचत गटाच्या बाया म्हणाल्या, "अन पाळीवर रात्री अंधार असते त्याचं काय? लाइट तर पायजेच." त्यांचं खरं होतं. शेवटी जे लिहिलं त्यात पहिलीच ओळ 'पाळीवरील दिवे, बाकं व पायवाट यांस आमचा पाठिंबा आहे' अशी होती. मग हरकत एकच: भिंत भरलेल्या पाण्याच्या रेषेबाहेर घ्या. मग सूचना: गुरांचा उतार ठेवा, सांडव्याची उंची बदलू नका, ढिवरांना डोंगे लावायला जागा सोडा, आणि गावातल्या ज्या दोन नाल्या तलावात सुटतात त्या आधी वळवा, नाहीतर कारंजं सांडपाण्याचं उडेल. जाहीर सूचनेत 'हरकती व सूचना' असे दोन शब्द असतात. लोक पहिलाच वाचतात, आणि आम्हीही गुजरीच्या वेळी पहिलाच वाचला होता.

भिंत दोन बाजूंनी मागे सरकली, तिसऱ्या बाजूने नाही. उतार राहिला, अरुंद झाला. नाल्या अजून तलावातच आहेत. कारंजं एक दिवाळी चाललं.

आता मूळ प्रश्न. उभं राहायचं आम्ही करून पाहिलंय. आमच्या नगरपंचायतीची निवडणूक डिसेंबर 2021 आणि जानेवारी 2022 अशा दोन टप्प्यांत झाली, तेव्हा आमचे गुरुजी अपक्ष उभे राहिले आणि निवडूनही आले. आम्ही फटाके वाजवले. सभागृहात 17 सदस्य, गुरुजी त्यातले एक. त्यांच्या प्रभागात कमरेएवढ्या खड्ड्यांचा रस्ता होता. त्या रस्त्याला निधी मिळायचा तर बाकीच्यांच्या ठरावांवर हात वर करणं आलं. तलावाच्या ठरावावर त्यांनी हात वर केला. मला रात्री फोन करून म्हणाले, "भिंतीचं मला माहीत आहे. पण त्या रस्त्यावरून बाळंतीण खाटेवर न्यावी लागते, तेही मला माहीत आहे." मी काय बोलणार? मी त्यांच्या जागी असतो तर मीही हात वर केला असता. रस्ता झाला, चांगला झाला. फक्त ज्या दिवशी आम्ही टेप घेऊन तलावावर गेलो, त्या दिवशी त्यांना येता आलं नाही.

प्रभाग 17 आहेत आणि प्रत्येकाला आपला प्रभाग सांभाळायचाय. तो त्यांचा धर्मच आहे, पाच वर्षांनी त्याच घरांत मत मागायला जायचंय. पण तलाव तीन प्रभागांच्या मधे आहे, आणि नाली काही प्रभागाची हद्द पाहून वाहत नाही. गुजरीत भाजी विकणाऱ्या अर्ध्या बाया तर आजूबाजूच्या खेड्यांतून येतात, त्यांचं इथे मतच नाही. असल्यांची बाजू कागदावर आणायला कुणीतरी सभागृहाबाहेर लागतं. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट. गुरुजी उभे राहिल्यावर वर्षभर आमचा कुठलाही अर्ज गेला की "हे गुरुजीच्या गटाचं हाये" म्हणून बाजूला पडायचा. आमच्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, ओसीवर, शिक्का मारताना बाबूसुद्धा विचारायचा, "कोन्या पार्टीकडून?" ते पुसायला आम्हाला दोन वेळा नगरपंचायतीच्या बाजूने लिहावं लागलं. घंटागाडीचा ओला-सुका कचरा वेगळा घ्यायचा निर्णय लोक हाणून पाडत होते, तेव्हा आम्ही पाठिंब्याचा अर्ज दिला. सीओ साहेबांनी, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांनी, तो दोनदा वाचला म्हणे, हरकत कुठे आहे ते शोधत.

तर ताई, आमच्यातल्या कुणाला उभं राहायचं असेल तर राहावं, आम्ही फटाके वाजवू. त्या दिवसापासून ते आमच्या बाकावर बसणार नाहीत एवढंच.

सध्या गावाचा प्रारूप विकास आराखडा लागलाय. हरकती-सूचनांना 30 दिवस, त्यातले अकरा गेले. नकाशा भिंतीएवढा, आमच्या मशीनवर मावत नाही. मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांनी फोटो काढून ए-थ्रीचे वीस कागद डकवले आणि दुकानाच्या शटरला आतून लावले. रात्री शटर ओढलं की बैठक सुरू. त्यात एक नवा डीपी रोड, म्हणजे आराखड्यातला रस्ता, दाखवलाय. तो गावाच्या पूर्वेकडची एक बोडी, म्हणजे लहान तळं, अर्धी कापून सरळ नगरपंचायतीसमोर येतो, आणि माझं दुकान, जे आज गल्लीच्या तोंडाशी आहे, ते चौकात येतं.

म्हणून उद्या सकाळी बोडीवर टेप धरायला मी जाणार नाही. बाकीचे जातील, ठरवतील, मला सांगतील. या वेळी मी फक्त टाइप करणार आहे.