खर्च कोणाच्या खात्यात?

२०२४च्या विधानसभेला माझी नेमणूक जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीत झाली. नाव भारदस्त, पण मिळाली जिल्हाधिकारी कार्यालयातली एक खोली. भिंतीला ओळीने टीव्ही, समोर पाळीपाळीने बातम्या बघून कंटाळलेले शिक्षक आणि कोपऱ्यातल्या संगणकावर मी. तंत्रनिकेतनात संगणक शिकवतो, एवढ्या भांडवलावर मी ‘समाजमाध्यम तज्ज्ञ’ ठरलो.

सर्वोच्च न्यायालयाच्या २००४च्या आदेशानंतर टीव्हीवरची राजकीय जाहिरात आधी तपासून घ्यावी लागू लागली, आणि २०१३पासून निवडणूक आयोगाने तोच नियम इंटरनेटला लावला. मेख अशी की उमेदवाराने स्वतःच्या पानावर व्हिडिओ टाकला तर ती पोस्ट. तिला आमच्या समितीचं प्रमाणपत्र लागत नाही. तोच व्हिडिओ पैसे भरून ‘बूस्ट’ केला की ती जाहिरात. मग तीन दिवस आधी अर्ज, साक्षांकित संहितेच्या (म्हणजे व्हिडिओतला शब्दन्‌शब्द लिहिलेल्या कागदाच्या) दोन प्रती, निर्मितीचा खर्च, प्रसारणाचा खर्च, सगळं आलं. हा फरक मी किती जणांना समजावला असेल! निम्म्यांचं उत्तर एकच: “सर, बटण तर तिथंच असतं.”

एका उमेदवाराचं मीडियाचं काम बघणारा पोरगा मात्र कागदपत्रं चोख आणायचा. त्याच्या तीस सेकंदांच्या व्हिडिओत आम्हाला एका क्षणापुरता सलाम ठोकणारा जवान दिसला. प्रचारात सैनिकांचे फोटो चालत नाहीत. तेवढी दृश्यं कापून आण म्हटलं. बिचाऱ्याने रात्रीतून कापली, संहिता पुन्हा टाइप केली, पुन्हा साक्षांकित केली. या कामाचा मला अभिमान आहे. एकेक चौकट थांबवून बघायला नजर लागते, आणि आमच्या माहिती अधिकारी मॅडमची नजर तर माझ्याहून तीक्ष्ण.

सोमवार, १८ नोव्हेंबर, प्रचाराचा शेवटचा दिवस. दुपारी तोच पोरगा घामाघूम होऊन आला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. व्यंगचित्रातला एक जाडा पुढारी, गळ्यात उपरणं, मागे रिकाम्या घागरी घेतलेल्या बायका, आणि बाई काहीही बोलली की पुढाऱ्याचं ठरलेलं उत्तर, “बघू, करू.” त्याच्या उमेदवाराची ही लकब तालुक्यातलं शेंबडं पोरही ओळखतं. पण व्हिडिओत त्याचं नाव नाही, पक्ष नाही, चिन्ह नाही. मोठ्या प्लॅटफॉर्मांनी २०१९मध्ये आयोगासमोर जी स्वेच्छा संहिता मान्य केली, तिच्यात प्रमाणपत्राची अट आहे ती पक्षाचं किंवा उमेदवाराचं नाव असलेल्या जाहिरातींना. व्हिडिओ बनवणाऱ्याने ती संहिता आमच्यापेक्षा बारकाईने वाचली होती.

प्लॅटफॉर्मची ॲड लायब्ररी, म्हणजे जाहिरातींची सर्वांना बघता येणारी नोंद, उघडली. एकच व्हिडिओ, सुरुवातीचं चित्र बदलून नऊ जाहिराती. प्रत्येकीला वेगळा क्रमांक. प्रत्येकीचा खर्च ‘४,००० ते ४,५०० रुपये’, म्हणजे मिळून ३६,००० ते ४०,५००. नेमका आकडा नाही. कुठे दिसली, तर ‘महाराष्ट्र’. पैसे कोणी भरले, तर पानाचंच नाव, खाली एक मोबाइल नंबर, तो बंद. पानाचा इतिहास पाहिला. आधी ते पावसाचा अंदाज सांगायचं! शेतकऱ्यांनी हवामानासाठी जोडून घेतलेलं पान दिवाळीच्या सुमारास नाव बदलून तालुक्याचा ‘आवाज’ झालं होतं.

खर्च पथकातले लेखाधिकारी शेजारच्याच खोलीत. छाया नोंदवही, म्हणजे उमेदवारांच्या खर्चाची पथकाने स्वतः ठेवलेली वही, उघडूनच बसले होते. “नाव सांगा, लगेच टाकतो.” नाव कोणाचं सांगू? लढत चौरंगी, त्यात एक बंडखोर. एकाची बदनामी झाली की फायदा तिघांना. तिघांचेही प्रतिनिधी बोलावले. तिघांनीही ‘पान आमचं नाही’ असं लेखी दिलं, आणि खरंच, शपथपत्रांत जाहीर केलेल्या खात्यांत ते नव्हतं. परवानगीशिवाय कोणी उमेदवाराच्या प्रचारावर पैसे खर्चले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पण इथे प्रचार नेमका कोणाचा, हेच ठरेना. ४० लाखांच्या खर्चमर्यादेत ही रक्कम म्हणजे चणेफुटाणे, पण चणे खाल्ले कोणी ते तरी कळावं!

संध्याकाळी सहाला जाहीर प्रचार संपला. जाहिराती चालूच. मतदानाआधीच्या ४८ तासांत कळवलं तर तीन तासांत काढायचं, असंही प्लॅटफॉर्मांच्या त्या स्वेच्छा संहितेत आहे. आमचं पत्र मात्र थेट जात नाही, वरच्या कार्यालयामार्फत जातं. तिथून निरोप आला: पानाची लिंक चालणार नाही, प्रत्येक जाहिरातीचा क्रमांक द्या. स्क्रीनशॉटमध्ये क्रमांक ढळढळीत दिसत होते, पण ते टाइप करून हवे होते. मी केले. रात्री अकराच्या सुमारास नऊही ‘निष्क्रिय’ झाल्या. प्लॅटफॉर्मने बंद केल्या की टाकणाऱ्याने मुदतच तेवढी ठेवली होती, हे विचारलं. उत्तर आलं नाही.

निकालानंतर तीस दिवसांत उमेदवारांना हिशेब द्यावा लागतो. त्या पोराची आमच्याकडे पुन्हा खेप झाली. बूस्टचं बिल चुलतभावाच्या कार्डवर निघालं होतं, वर १८ टक्के जीएसटी. लेखाधिकाऱ्यांनी कराची रक्कमही त्याच्या उमेदवाराच्या नावे चढवली. तो वैतागून म्हणाला, “साहेब, मी अर्ज केला म्हणून सापडलो.” त्याच नोंदवहीत त्या नऊ क्रमांकांपुढे उमेदवाराचा रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. तिथे ‘अज्ञात’ लिहिलं आहे.

माझं म्हणणं, पैसे घेतानाच प्लॅटफॉर्मने पैसे भरणाऱ्याचा खरा पत्ता पडताळावा, आणि निवडणुकीच्या काळात तो खर्च पथकाला मागताक्षणी मिळावा. लेखाधिकारी हसतात. “सर, मग हेच व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतील, आणि तिथं तर मला हा छत्तीस-चाळीसचा अंदाजही मिळणार नाही.” त्यांचं खरं असेलही. पण म्हणून जिथे पावती फाटते तिथलं नावही विचारायचं नाही, हे मला पटत नाही, आणि यावरून आमचा वाद अजून चालू आहे.